झेनचा सायलेन्सर, नोंद तिसरी: ९९ हर्ट्झचा घुमारा

शनिवारी रात्री साडेअकराला चेंबूरकडून ईस्टर्न फ्रीवेवर चढलो. काचा बंद, एसी बंद, चौथा गिअर, वेग सत्तरच्या आसपास. मागच्या सीटवर चुलतभाऊ फोन धरून बसला होता, फोनवर आवाजाचा आलेख चालू. मी स्वतः आखलेल्या सायलेन्सरमुळे गेले तीन महिने या वेगाला ९९ हर्ट्झवर (सेकंदाला ९९ कंपनं) घुमाऱ्याचा जो सुळका उभा राहायचा, तो त्या रात्री बाकीच्या आवाजात विरघळून गेला. "दादा, आता बोलता येतंय," एवढंच तो म्हणाला. मला तेवढं पुरे होतं. पुढच्या उतारावरून खाली उतरलो आणि पुन्हा तोच फेरा मारला, खात्री करायला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी २००२ची मारुती झेन, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी), ९९३ सीसी, चार सिलिंडर. बाबांनी घेतलेली. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण वीस वर्षांत तिचे चार सायलेन्सर कुजले. झेनचं उत्पादन २००६मध्ये थांबलं. बाजारात मिळतात ते साध्या पत्र्याचे, आणि आमच्या मुलुंडच्या दमट हवेत ते तिसरा पावसाळा बघत नाहीत. म्हणून ठरवलं की कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा पाइप स्टेनलेसमध्ये स्वतः आखायचा. दोन अटी घातल्या. गाडी उभी असताना तिचा आवाज झेनचाच वाटला पाहिजे, कारण बाबा तिसऱ्या मजल्यावरून तो ओळखतात. आणि चालताना आत बसलेल्याचं डोकं उठता कामा नये. गाडी मोठ्याने ओरडवणं सोपं असतं, सायलेन्सर कापून टाकला की झालं. हवा तो सूर ठेवून नको तो काढायचा, यातच सगळं काम आहे.

आधी कुजण्याबद्दल, कारण त्यानेच अर्धी रचना ठरवली. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. वाफ म्हणून ते बाहेर पडतं, पण पाइप पुरेसा तापलेला असला तरच. आमची झेन आठवड्यातले पाच दिवस घर ते स्टेशन एवढीच धावते. सायलेन्सर तापायच्या आत गाडी उभी राहते आणि ते पाणी आतच साठतं. जुना सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरला तेव्हा दिसलं की बाहेरचा पत्रा बरा होता, आतली मधली भिंत मात्र पापडासारखी चुरली होती. समुद्राच्या हवेला मी उगाच दोष देत होतो. गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त होता. त्यामुळे नव्या रचनेत प्रत्येक नळीला मागच्या बाजूला उतार दिला आहे, आणि सायलेन्सरच्या डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक. सकाळी गाडी सुरू केली की तिथून थेंब थेंब पाणी गळतं. ते बघत बसायला मला अजूनही आवडतं.

पाइपांसाठी सी. पी. टँक आणि खेतवाडीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिथे एका दुकानात "पक्कं ३०४" म्हणून जे स्टेनलेस दाखवलं ते २०२, म्हणजे हलक्या प्रतीचं, निघालं. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. २०२मध्ये महाग निकेलच्या जागी मँगनीज वाढवलेलं असतं. त्यासाठी थेंबाची चाचणी आहे: रसायनाचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची, मँगनीज जास्त असेल तर तो थेंब लाल होतो. ती बाटली खिशात ठेवूनच फिरा. दुकानदार रागावत नाही, उलट दुसऱ्या वेळी सरळ ३०४ काढून देतो.

वाकांचं कोडंही तिथेच सुटलं. आपल्याकडचे बरेच गाळेवाले पाइप दाबून वाकवतात, आणि वाकाच्या पोटात तो चपटा होतो. तयार गोल वाक हवे असतील तर डेअरीवाल्यांची फिटिंग बघा. दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांचे ३०४चे वाक आतून गुळगुळीत आणि एकसारख्या गोलाईचे असतात. मापं मात्र त्यांची ठरलेली: २५.४, ३८.१, ५०.८ मिमी. मी ३८.१ घेतलं, जाडी दीड मिलिमीटर. दोन इंची लावा असं तीन जणांनी सुचवलं होतं. एक हजार सीसीच्या इंजिनाला तो पाइप मोठा होतो, वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) ओढ मरते. "इंजिनाला बॅकप्रेशर लागतं" (म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला मागून अडथळा) असं यावर नेहमी म्हटलं जातं, पण ते बरोबर नाही. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वेग, म्हणजे बाहेर पडणारा झोत मागच्या झोताला ओढून नेतो. बारीक पाइपाने वेग वाढतो आणि अडथळाही वाढतो. या दोन गोष्टींची गल्लत होऊन तो समज पसरला आहे.

पहिली जोडणी भांडुपच्या एका गाळ्यात झाली. मिस्त्रींचा आर्गन वायूच्या वेल्डिंगवर हात चांगला आहे. माझा हट्ट एवढाच होता की टाका मारताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायचा, नाहीतर आतल्या बाजूला काळी खरखरीत साखर जमते आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. दोन्ही टोकांना कागदी टेप लावून आत गॅस भरला. मिस्त्री आधी कुरकुरले, मग पहिला टाका कापून आतून बघितला आणि उरलेले सगळे तसेच मारले.

डबा वायू सरळ आरपार जाईल असा ठेवला होता: मधून जाळीदार नळी, तिच्याभोवती स्टेनलेसची लोकर, वर काचेची लोकर. उभ्या गाडीत सुंदर आवाज आला. बाबा खिडकीत आले, म्हणाले, "आपलीच आहे." मी खूश. दुसऱ्या दिवशी ठाण्याकडे निघालो आणि सत्तरला गाडी घुमायला लागली. तो घुमारा छातीत बसतो, कानात नाही. दहा मिनिटांत आईने डोकं धरलं.

कारण नंतर समजलं. लोकर उंच सूर खाते, खालचे सूर तिच्यातून निसटून जातात. मूळ सायलेन्सरमध्ये कप्पे असतात आणि ते खालच्या सुरांना उलटे परतवून एकमेकांत मारतात. मी कप्पे काढून टाकले होते, त्यामुळे घुमाऱ्याला वाट मोकळी झाली.

माझ्या झेनला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नाही, पण त्यावाचून अडलं नाही. चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून हर्ट्झला ३०ने गुणलं की आरपीएम मिळतो. फोनवर ९९ दिसले, म्हणजे २९७०. ज्यांच्या जुन्या गाडीत टॅकोमीटर नाही त्यांनी हे जरूर करून पाहावं.

उपाय जुनाच आहे. मुख्य पाइपाला एक बंद टोकाची नळी जोडायची, त्रासदायक लहरीच्या पाव लांबीची. लहर त्या नळीत जाते, टोकावर आपटून परत येते आणि येईपर्यंत अर्धी लहर मागे पडलेली असते. मुख्य पाइपातल्या लहरीचा चढ आणि तिचा उतार एकत्र येतात आणि दोघी मिटतात. लांबी काढायला आवाजाचा वेग लागतो, आणि तो तापमानावर अवलंबून असतो: केल्विनमधल्या तापमानाचं वर्गमूळ गुणिले २०.०५. मी वायू ३०० अंश सेल्सिअस धरला. म्हणजे ५७३ केल्विन, वेग सेकंदाला ४८० मीटर. त्याला ९९च्या चौपटीने भागलं, उत्तर १.२१ मीटर. तेवढी नळी कापली, टोक टाका मारून बंद केलं, गाडी बाहेर काढली.

सत्तरचा घुमारा जसाच्या तसा होता. पण साठच्या वेगाला गाडी अचानक इतकी गप्प झाली की टायरचा आवाज ऐकू यायला लागला. आलेखात ८५ हर्ट्झला खड्डा पडला होता. नळी उत्तम काम करत होती, फक्त चुकीच्या सुरावर.

दोन रात्री आकडे पुन्हा पुन्हा मांडले, चूक सापडेना. मग लक्षात आलं की बंद नळीतून वायू वाहतच नाही. तो आत अडकून राहतो आणि थंड होतो. मी धरलेले ३०० अंश मुख्य पाइपातले होते. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर आणला तर त्याने आधी भलतेच कमी आकडे दाखवले, कारण चकचकीत स्टेनलेस स्वतःची उष्णता नीट दाखवत नाही, समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. सायलेन्सरच्या काळ्या मॅट रंगाचे चार ठिपके दिले आणि त्यांवर मोजलं. तोंडाशी २०० अंश, बंद टोकाला ९०. सरासरी १५० धरली. ४२३ केल्विन, वेग ४१२. आता १.२१ मीटरच्या नळीचा सूर काढून बघा: ४१२ भागिले ४.८४, म्हणजे ८५. आलेखातला खड्डा अगदी तिथेच होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुन्हा कापून टाका मारायच्या आधी या वेळी सरकतं टोक केलं. नळीच्या आत बसणारा बूच, त्याला लांब बोल्ट, बाहेरून क्लॅम्प. मुलुंड चेकनाक्यापासून पुढे जाऊन यायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, बूच एक सेंटिमीटर सरकवायचा, पुन्हा निघायचं. तीन रविवार गेले. सर्वांत चांगली लांबी आली १.०२ मीटर. हिशेबाने १.०४ हवी होती. उरलेले दोन सेंटिमीटर बहुतेक नळीच्या तोंडाचे: तोंडाबाहेरचा थोडा वायूही नळीबरोबर डोलतो, म्हणून नळी असते त्यापेक्षा जराशी लांब वागते. बूच काढला, तिथेच पक्का टाका मारला. मिस्त्री म्हणाले, "आधीच सरकतं केलं असतंत तर माझे दोन टाके वाचले असते." खरं आहे. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासून सरकतं टोक करा.

नळी कुठे जोडायची हेही तितकंच महत्त्वाचं. पाइपाच्या उघड्या टोकाजवळ दाब जवळजवळ शून्यावर असतो, तिथे लावली तर काहीच फरक पडत नाही. मी ती डब्याच्या अलीकडे, मागच्या अ‍ॅक्सलपाशी जोडली आणि मुख्य पाइपाला समांतर पुढच्या बाजूला वळवली. बंद टोक तोंडापेक्षा उंच ठेवलं, म्हणजे पाणी परत मुख्य पाइपात उतरतं. आधीच्या जोडणीत ते उलट होतं आणि कापली तेव्हा आतून चहाचा अर्धा कप पाणी निघालं.

एक बारीक घोटाळा अजून झाला. गाडी तापली की मागून टक-टक आवाज यायचा. ३०४ साध्या पोलादापेक्षा जास्त पसरतं. अडीच मीटरचा पाइप २२० अंशांनी तापला की साडेनऊ मिलिमीटरने लांबतो, आणि माझं टोक बंपरच्या काठापासून सहाच मिलिमीटरवर होतं. मागचे दोन्ही रबर हँगर थोडे पुढे झुकवून लावले, म्हणजे तापल्यावर ते सरळ होतात. आवाज गेला.

कायद्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण विचारणा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे, आणि १९८९च्या केंद्रीय नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. म्हणून मॅनिफोल्ड (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्या), कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर यांना मी हात लावलेला नाही, आणि धड अवस्थेतल्या मूळ सायलेन्सरपेक्षा आवाज वाढू द्यायचा नाही ही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळली आहे. ओळखीतल्या एका झेनवर मूळ सायलेन्सर चांगला आहे. दोन्ही गाड्या एकाच मैदानात उभ्या केल्या, फोन टोकापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांत, ४५०० आरपीएमला, म्हणजे फोनवर १५० हर्ट्झला. त्यांची ८४ डेसिबल, माझी ८३. फोनचे आकडे प्रयोगशाळेचे नव्हेत, पण एकाच फोनने एकाच जागी केलेली तुलना मला विश्वासाची वाटते. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१४ टक्के आला, मर्यादा ०.५. सांध्यांची गळती व्हॅक्युम क्लीनरचा झोत उलटा लावून साबणाच्या पाण्याने तपासली आहे. हे मात्र कोणीही टाळू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिलेलं काम: दुसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमच्या आसपास मजल्याखालचा उष्णतारोधक पत्रा थरथरतो, त्याला नवे वॉशर लावायचे आहेत. आणि गाडीखाली २०२, ३०४ आणि साध्या पत्र्याचे तीन तुकडे तारेने टांगून ठेवले आहेत. ते पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये काढीन आणि फोटो टाकीन.