पॅकहाउसच्या सर्व्हरला एसएसएल, तेही पोर्ट न उघडता

पिंपळगाव बसवंतला आप्पांचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे, तिथे क्रेटवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करून वजन टाकायचं छोटं सॉफ्टवेअर मी बसवून दिलंय. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला जुना पीसी, मोबाईल त्याच वायफायवर. घोडं अडलं कुठे, तर वेब पेज साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर कॅमेराच चालू करू देत नाही, एचटीटीपीएस, म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट लावलेलं सुरक्षित कनेक्शन, पाहिजेच. सेल्फ-साईन्ड, म्हणजे आपलं आपणच बनवलेलं सर्टिफिकेट टाकता आलं असतं, पण सीझनला सारखी नवीन पोरं येतात, प्रत्येकाला ब्राउझर त्यावर दाखवतो ती वॉर्निंग कशी ओलांडायची ते शिकवत कोण बसणार.

मग सर्टिफिकेट देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट. फुकट आहे, फक्त डोमेन आपल्या ताब्यात आहे हे दाखवावं लागतं, आणि ते अॅक्मे नावाच्या ठरलेल्या पद्धतीने (प्रोटोकॉलने) आपोआप होतं. नेहमीची पद्धत एचटीटीपी-०१, म्हणजे टोकनची फाईल आपल्या सर्व्हरवर ठेवायची आणि लेट्स एन्क्रिप्ट पोर्ट ८० वर, म्हणजे सर्व्हरच्या वेबसाठीच्या दारावर, येऊन ती वाचतं. इथे बाहेरून आत यायला वाटच नाही, कनेक्शन सीजीनॅटचं, म्हणजे बाहेरचा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. शिवाय आप्पांनी आधीच विचारलेलं, "बाहेरचं कोणी आपल्या कॉम्प्युटरात शिरणार नाही ना रे?"

म्हणून डीएनएस-०१. यात सर्व्हरला कोणी हातच लावत नाही, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नाव-पत्त्याच्या नोंदवहीत, अंडरस्कोर अॅक्मे चॅलेंज नावाने एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकायचं, ते दिसलं की सर्टिफिकेट मिळतं, सर्व्हरला दिलेल्या सबडोमेनचा आयपी १९२.१६८ वाला, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कचा, असला तरी काही बिघडत नाही. पण आप्पांचं डोमेन कॉलेज रोडच्या एका सरांकडे, त्यांच्या पॅनेलला एपीआय, म्हणजे प्रोग्रामने रेकॉर्ड बदलायची सोय, नाही, आणि सर्टिफिकेट ९० दिवसांचं, मग दर वेळी सरांना फोन करून "सर तेवढं टीएक्सटी बदला ना" म्हणायचं का?

यावर सीनेम, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड, हा उपाय मला सगळ्यात भारी वाटला. सरांनी एकदाच त्या चॅलेंजच्या नावावर सीनेम टाकून ते माझ्या दुसऱ्या डोमेनकडे वळवलं, ते क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेवर आहे, तिथे एपीआय आहे. एका कामापुरतं मुखत्यारपत्रच म्हणा, बाकी आप्पांच्या डोमेनला मला हात लावता येत नाही. सर्टिफिकेट काढायला मी अॅक्मे डॉट एसएच ही स्क्रिप्ट वापरतो, तिच्यात यासाठी चॅलेंज-अलियस ऑप्शन आहे. सर्व्हर लेट्स एन्क्रिप्ट असं वेगळं सांगावं लागतं बरं का, नाहीतर ती झीरोएसएसएल या दुसऱ्या सर्टिफिकेटवाल्यांकडे जाते.

तरी पहिल्यांदा रेकॉर्ड सापडेना. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने बघितलं तर सरांनी पूर्ण नाव टाकलेलं आणि पॅनेलने शेवटी डोमेन स्वतःहून परत जोडलेलं, म्हणजे नावात डोमेन दोनदा. फोन केला, सर म्हणाले "हो का, थांबा", लगेच दुरुस्त. हे सगळं लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर चाललेलं म्हणून निवांत होतो, खऱ्या सर्व्हरवर एका नावाला तासात ५ वेळा फेल झालं की थांबावं लागतं.

एक लक्षात ठेवा, सर्टिफिकेट निघालं की सबडोमेनचं नाव सार्वजनिक लॉगमध्ये जातं, त्यामुळे नावात गिऱ्हाईकाचं वगैरे काही टाकू नका.

आता क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) रिन्यू करतो आणि वेब सर्व्हर एनजिनएक्स रिलोड होतं. पण सीझन संपला की पीसी बंद, तोवर सर्टिफिकेट एक्स्पायर होणारच, आणि लेट्स एन्क्रिप्टने आठवणीचे मेल २०२५ मध्येच बंद केलेत. म्हणून डिसेंबरला पीसी चालू करून एकदा हाताने रन करायचं, हे आप्पांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवलंय.