सोलकढीची वेळ आणि ताटाचा दर

केटरिंगचा व्यवसाय सुरू करायचे ठरवले तेव्हा भांडी, गॅस, मदतनीस आणि परवाना या चार गोष्टींचा मी बारकाईने विचार केला होता. नारळाचा मात्र वेगळा विचार केला नव्हता, कारण गोव्यातील घरात वाढलेल्या बाईला तो करावाच लागत नाही. नारळ घरात असतोच. आज दोन वर्षांनंतर माझ्या वहीतील प्रत्येक ऑर्डरचे पान नारळाच्या आकड्यानेच सुरू होते.

फोंड्याला आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी हे काम सुरू केले. जेवण साधे आणि आमच्याच पद्धतीचे ठेवायचे होते: खतखते (अनेक भाज्यांची नारळाच्या वाटणातली भाजी), मुगांची गाठी (मोड आलेल्या मुगांची नारळ घातलेली आमटी), वरण-भात, एखादी सुकी भाजी, सोलकढी आणि मणगणे (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर). कांदा-लसूण नसलेले असे जेवण सत्यनारायणाच्या पूजेला, श्रावणातील आदित्यपूजनाला आणि बारशाला लागते, आणि चाळीस-पन्नास माणसांसाठी ते करून देणारे फारसे कोणी आमच्या भागात नव्हते. मोठे केटरर इतकी लहान ऑर्डर सहसा घेत नाहीत.

कागदपत्रांचा भाग मला वाटला होता तितका अवघड गेला नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली अर्ज केल्यावर जो 14 अंकी क्रमांक मिळतो, तो बिलावर छापावा लागतो. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरवर व्यवसायाचा स्वयंपाक करता येत नाही, म्हणून 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेतला. तांदूळ, डाळ आणि गूळ गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानातून आणते. तिरफळे आणि आमसुले म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून वर्षभराची एकदमच घेऊन ठेवते.

खरा धडा मिळाला तो मे महिन्यातील एका मुंजीत. जेवणाची वेळ साडेबाराची ठरली होती. मी पहाटे पाच वाजता नारळ खवून, वाटून रस काढला, रात्री भिजत घातलेल्या आमसुलांचे पाणी त्यात मिसळले, मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून सोलकढी स्टीलच्या डब्यांत भरली आणि नऊ वाजता हॉलवर पोहोचवली. विधी लांबले आणि पहिली पंगत दीड वाजता बसली. तोपर्यंत डब्यांत वर घट्ट पांढरा थर आणि खाली गुलाबी पाणी असे दोन भाग झाले होते; ढवळून ते एक झाले, पण चव गेली होती. यजमानांच्या घरातील एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काकी, जेवण चांगलं झालंय, पण कढी आंबली आहे.” त्या दिवशी सोलकढीचे पैसे मी घेतले नाहीत. तिने सर्वांसमोर न सांगता बाजूला येऊन सांगितले, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

नारळाचा कच्चा रस आमच्या उन्हाळ्यात काही तासांतच आंबू लागतो, आणि आमसुलाचा आंबटपणा आधीच मिसळलेला असेल तर तो त्याआधीच फाटायला लागतो. सोलकढी तापवून टिकवण्याची सोय नसते, म्हणून वेळच बदलावी लागते. आता मी खवलेला नारळ आदल्या रात्री पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते, तो तसाच थंड पेटीतून हॉलवर नेते, मिक्सरही सोबत नेते, आणि रस तिथेच काढते. आमसुलांचे पाणी वेगळ्या बाटल्यांत असते. पहिली पंगत बसायला अर्धा तास उरला, की दोन्ही एकत्र होतात. या कामासाठी एक बाई वाढीव लागते आणि तिची मजुरी ताटाच्या दरात धरावी लागते. हे पटवून देताना सुरुवातीला मला संकोच वाटत असे, आता वाटत नाही.

ताटाच्या दराचा हिशेबही नारळानेच शिकवला. चाळीस माणसांच्या जेवणाला माझ्या मापाने 32 नारळ लागतात: सोलकढीला 14, मणगण्याला 8, खतखत्याला 6 आणि गाठीला 4. नारळ 10 रुपयांनी महागला तर एवढ्यावरच 320 रुपये वाढतात, म्हणजे ताटामागे 8 रुपये. 2025 मध्ये नारळाचे भाव चढत गेले तेव्हा दोन महिने आधी कबूल केलेल्या जुन्या दराने मी तीन ऑर्डरी पूर्ण केल्या आणि त्या तिन्हींत हाती काहीच उरले नाही. तेव्हापासून सांगितलेला दर पंधरा दिवसच लागू राहील, असे मी आधीच लिहून देते. माणसांचा अंतिम आकडाही दोन दिवस आधी मागते, कारण गाठीसाठी मूग तेव्हाच भिजत घालावे लागतात. मोड आल्यावर ते कोमट पाण्यात चोळून साले काढायला दोन बायकांचा पूर्ण तास जातो, आणि आयत्या वेळी वाढलेल्या वीस पाहुण्यांसाठी मोड आलेले मूग कुठून आणणार?

या वर्षी चतुर्थीला 50 ताटांच्या पुढे ऑर्डर घेतलेली नाही. मोठी विचारणा दोन ठिकाणांहून आली होती, पण गोडात पातोळ्या द्यायच्या आहेत आणि त्या परसातील वाफ्यातल्याच हळदीच्या पानांत उकडायच्या आहेत. काल संध्याकाळी पावसाची सर थांबल्यावर पाने मोजून पाहिली. शंभर पातोळ्यांपुरती आहेत.