स्वतःच्याच मोटरीची चोरी

2016 साल. वकिलीचं माझं दुसरं वर्ष. अण्णा ऑफिसात आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "वकीलसाहेब, मोटर माझी, पावती माझ्या नावावर. अन् मीच म्हणे ती चोरली!"

झालं होतं असं. पाणबुडी मोटर जळाली म्हणून त्यांनी ती वाइंडिंगला टाकली होती. बिल झालं 4200 रुपये. खिशात तेवढे नव्हते आणि रानात कांदा सुकत होता. दुकानदार जेवायला गेलेला पाहून अण्णांनी मोटर पिकअपमध्ये घातली आणि थेट विहिरीवर नेली. दुकानदारानं फिर्याद दिली, पोलिसांनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं चोरीचं कलम 379 लावलं, मोटर मुद्देमालात जमा.

"स्वतःच्या वस्तूची कसली चोरी? काही होत नाही," मी छातीठोकपणे सांगून बसलो.

रात्री कलम 378 नीट वाचलं आणि गार पडलो. चोरीच्या व्याख्येत 'मालकी' हा शब्दच नाही. आहे तो 'ताबा'. खाली उदाहरणही हजर: घड्याळ दुरुस्तीला दिलंय, दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, म्हणून दुरुस्तीवाल्यानं ते अडकवून ठेवलंय. त्याचं हे तारण बुडवायच्या इराद्यानं मालकानं घड्याळ उचललं, तर ती चोरीच. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडकवायचा हक्क करार कायद्याचं कलम 170 देतं. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 378 चं 303 झालंय, घड्याळ मात्र तेच आहे.

सिनिअर हसले. म्हणाले, "इंग्रजांना कशाला दोष देतोस? गहाण टाकलेली आपलीच वस्तू सावकाराकडून पळवली तर ती चोरी, हे रोमच्या गायस नावाच्या कायदेपंडितानं दुसऱ्या शतकातच लिहून ठेवलंय."

इराद्यावर भांडता आलं असतं. पण त्यात वर्षं गेली असती आणि कांदा थांबणार नव्हता. अण्णांनी उसनवारी करून 4200 भरले, दुकानदार राजी झाला, मी तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहायला घेतली आणि पेन अडलं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 प्रमाणे चोरीत तडजोड करायची कोणी? 'चोरलेल्या मालाच्या मालकानं'.

कोर्टात साहेबांनी वर न बघताच विचारलं, "मालक कोण?"

"मी," आरोपीच्या पिंजऱ्यातून अण्णा म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. मला आणि सरकारी वकिलांना एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फिर्यादी आणि आरोपी, दोघांच्याही सह्या घ्या."

बाहेर आल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे मीच मला माफ केलं का?" मी चहा सांगितला. मोटर मुद्देमालातून सुटायला पुढे नऊ दिवस लागले.