चोडण आणि करमळी : यादीतून खोडलेली तीन नावे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी आतेबहीण गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलो, सलीम अली पक्षी अभयारण्य पाहिले आणि दुसरी सकाळ करमळीच्या तळ्यावर काढली. घरी आल्यावर दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीतील तीन नावे खोडावी लागली. पुढे जाणाऱ्यांना त्या चुकाच अधिक उपयोगी पडतील, असे वाटते.

पहिली चूक खारफुटीतल्या खंड्याची. ऊन समोरून येत होते, फांदीवरच्या पक्ष्याच्या मानेभोवतीचा पांढरा पट्टा तेवढा स्पष्ट दिसला आणि मी लगेच ‘कॉलर्ड किंगफिशर’ लिहून मोकळी झाले. होडीवाल्या काकांनी शांतपणे विचारले, “ताई, चोच बघितलीत का?” मी पाहिली नव्हती. रात्री छायाचित्र मोठे केले, तर चोच लालभडक आणि पोट नारिंगी, म्हणजे तो ब्लॅक-कॅप्ड किंगफिशर होता. पांढरा पट्टा दोघांनाही असतो, मात्र कॉलर्डचे पोट पांढरे आणि चोच काळसर असते. गोव्यात येण्यापूर्वी मी कॉलर्ड दिसावा म्हणून इतकी आतुर होते की डोळ्यांनी निम्मे काम मनावर सोपवले.

खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीवर, घिरट्या घालणाऱ्या तपकिरी शिकारी पक्ष्याला आम्ही मार्श हॅरियर ठरवले. ते ब्राह्मणी घारीचे पिल्लू निघाले, कारण त्याची शेपटी आखूड व गोलसर होती आणि तरंगताना पंख हॅरियरसारखे वर उचललेले नव्हते. पांढरे डोके शोधत बसू नये, ते वयात आल्यावरच येते.

करमळीला कोकण रेल्वेचे स्थानक तळ्याला लागूनच असल्याने गाडीने जाणे सोयीचे. तेथे पांढऱ्या पोटाच्या कमळपक्ष्याला आम्ही लांब शेपटीचा, पण हिवाळ्यात शेपटी गळलेला समजलो. तो उडाला तेव्हा पंख गडद दिसले. लांब शेपटीच्या जातीचे पंख उडताना पांढरे चमकतात, म्हणून हे ब्राँझ-विंग्ड या दुसऱ्या जातीच्या कमळपक्ष्याचे अल्पवयीन पिल्लू.

जाण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक जरूर पाहावे: चिखलावरचे पक्षी ओहोटीला दिसतात, होडी मात्र खाडीच्या आतल्या फाट्यांत भरतीलाच शिरते. ऊन पाठीशी राहील अशी जागा निवडावी. वहीत एका बाजूला दिसलेले तपशील आणि दुसऱ्या बाजूला अंदाज लिहावा. त्या सवयीमुळेच चिखलातल्या एका पांढऱ्या पक्ष्याची नोंद, छोटा बगळा की समुद्रबगळा हे न ठरल्याने, आमच्या यादीत नुसती ‘बगळा’ अशी राहिली आहे.