केक गेटवरच अडला

केनियातल्या किसुमूत मी एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून शिकवायला आलेय. गेल्या शनिवारी आमच्या या बालगृहाच्या गेटवर एक पांढरी गाडी येऊन थांबली. किसुमूतलंच गुजराती कुटुंब, तिसरी पिढी इथली, मंदिरात ओळख झालेली. मुलाचा वाढदिवस होता. डिकीत भलामोठा केक, समोशांचे डबे, फुगे, टोप्या. मी वर्गाच्या पायरीवरून हात केला, म्हटलं चला, आज पोरांची चंगळ. तोवर आमच्या मॅनेजरबाई गेटवर पोचल्यासुद्धा. हसतखेळत विचारपूस झाली आणि तितक्याच हसतखेळत त्यांनी सांगून टाकलं: समोसे स्वयंपाकघरात द्या, रात्रीच्या जेवणात सगळ्यांना वाढू, पावती मिळेल. केक घरी नेऊन कापा. इथे बाहेरच्या कुणाचा वाढदिवस होत नाही आणि मुलांबरोबर फोटो काढता येत नाहीत.

गाडी वळली. माझं डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठिकाणावर नव्हतं.

आपल्या नागपुरात वाढदिवस असो, वर्षश्राद्ध असो की दहावीचा निकाल, एखाद्या बालगृहात नाहीतर वृद्धाश्रमात एक वेळचं जेवण द्यायचं, ही चालच आहे. आमच्या घरी ती सासूबाईंनी लावली. सकाळी औक्षण, दुपारी पोराला नवा शर्ट घालून बालगृहात. जिलेबी, समोसे, मसालेभात. ‘आपल्या लेकराच्या डोक्यावर चार लेकरांचे हात पडले पाहिजेत,’ असं त्या म्हणत. त्या काळी कुणाच्या खिशात कॅमेरा नव्हता, त्यामुळे आम्ही फोटोसाठी जायचो असं कुणी म्हणू शकणार नाही. मुलं टाळ्या वाजवून गाणं म्हणायची, आम्ही वाढायचो, ती पोटभर जेवायची. यात वाईट काय होतं, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मॅनेजरबाईंनी प्रयत्न केला. संध्याकाळी चहाचा मग घेऊन ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘टीचर, शनिवारी तुमचे भारतीय लोक, रविवारी चर्चची मंडळी, डिसेंबरात परदेशी पाहुणे. प्रत्येकासमोर गायचं, प्रत्येकाचा केक खायचा, प्रत्येकाच्या गळ्यात पडायचं.’ त्या आधी ज्या बालगृहात होत्या, तिथे एक मुलगी आंघोळ करून आली की रोज विचारायची, आज कुणासाठी नाचायचंय?

मग म्हणाल्या, ‘तुमच्या घरात अनोळखी माणसं शिरली आणि तुमच्या दिवाणखान्यात स्वतःचा वाढदिवस करायला लागली तर?’

मी म्हटलं, ‘मॅडम, आमच्याकडे अनोळखी माणसंही येतात आणि जेवून जातात.’ त्या हसल्या. नियम काही हलला नाही.

आणि नियम हा एकच नाही. इथे यायच्या आधीच एक कागद सही करून पाठवावा लागला. कुठल्याही मुलाला एकट्याला काही द्यायचं नाही. आपण होऊन मांडीवर घ्यायचं नाही. आईबापांबद्दल विचारायचं नाही. बंद खोलीत मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही. ‘मी परत येईन’ असं कबूल करायचं नाही. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर येऊच नका. वर पोलिसांचा दाखला आणि स्पेशल पास, कारण साध्या प्रवासी परवान्यावर केनियात फिरता येतं, शिकवता येत नाही, मग ते फुकट का असेना. आपण सेवाभावाने निघालोय आणि समोरचा आपल्याकडे संशयाने बघून राहिलाय, असं वाटतं की नाही सांगा! मला तरी वाटलं.

सगळ्यात जास्त झोंबला तो शेवटचा नियम. शिकवायचं ते इथल्या शिक्षकाच्या हाताखाली. उभी हयात नागपुरात गणित शिकवण्यात गेली, माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज बँकेत मॅनेजर आहेत, आणि इथे मी मदतनीस! वर्गशिक्षक माझ्या मुलापेक्षा लहान. माणूस लाख चांगला, पण फळ्याजवळ उभा तो आणि मागच्या बाकावर मी. कारण सरळ आहे म्हणतात: तुम्ही जाणार, तो राहणार. मुलांना सवय त्याची लागली पाहिजे.

आता त्याचं शिकवणं सांगते. मुलं जवळच्या सरकारी शाळेत जातात. आमचा वर्ग मागे पडलेल्यांसाठी, शाळा सुटल्यावर भरतो. माझ्या बाकावर जी मुलगी बसते (नाव लिहिणार नाही, तोही नियम), तिच्यासमोर सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांचा ढीग असतो. सात आठे किती, हे ती पाठ म्हणत नाही. सात-सात बुचांच्या आठ रांगा लावते. मग पाच रांगा एका बाजूला सरकवते, कारण पस्तीस तिला येतात, आणि उरलेल्या तीन मोजून जोडते. छप्पन्न. प्रत्येक वेळी हेच. मला राहवत नाही. अगं, पाढा पाठ केला असता तर एव्हाना दहा गणितं झाली असती! आमच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी घोकली, आम्हाला कुठे बुचं लागली? मी एकदा वर्गशिक्षकाला हे ऐकवलं. त्याने शांतपणे तिला विचारलं, सतरा आठे किती? तिने हा पाढा कधी पाहिलेलाही नव्हता. दहाच्या आठ रांगा हवेत बोटाने आखल्या, खाली सातच्या आठ, आणि सांगितलं, एकशे छत्तीस. ठीक आहे. पाढे पाठ असते तर लवकर सांगितलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं चालू असतानाच पाऊस येतो. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, त्यामुळे दुपार कलली की ढग गडगडत येतात आणि वर्गावर आहेत नुसते पत्रे. पहिल्या सरीलाच शिक्षकाचा आवाज बुडतो. तो खडू खाली ठेवतो, मुलं निवांत वहीत चित्रं काढतात आणि अर्धा-पाऊण तास शिक्षण बंद. बाकी हवेबद्दल तक्रार नाही. विषुववृत्ताला खेटलेलं असलं तरी गाव अकराशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तुम्ही पंचेचाळीसमध्ये कूलरसमोर बसता, तेव्हा इथे तिशीच्या आसपास असतं. जळू नका.

बाजारात गेलं की हमखास विचारतात, तुमचं दुकान कुठलं? भारतीय म्हणजे दुकानवालाच. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये इथवर आली ती भारतीय मजुरांच्या कष्टाने, त्यांच्या मागोमाग दुकानदार आले, तेव्हापासूनचा हा समज. मी सांगते, आमच्या घराण्यात कुणी सुई विकलेली नाही, सगळे मास्तर नाहीतर कारकून. त्यांना ते खरं वाटत नाही.

मुलांचा वाढदिवस मात्र मी पाहिला. वर्गातल्या एका मुलाची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, बालगृहानेच ठरवून दिलीय. यात मला नवल वाटलं नाही. आपल्या आजोबा-मामांपैकी निम्मे १ जूनला जन्मलेले नाहीत का, हेडमास्तरांच्या कृपेने? तर त्या दिवशी हा मुलगा बूट शोधत अंगणात वाकलेला असताना मागून चार जणांनी जग, बादली, जे हाती लागलं त्यातून पाणी ओतलं. केनियात वाढदिवसाला भिजवायची पद्धत आहे. तो ओरडत पळाला, मग त्याने बादली हिसकावून मॅनेजरबाईंनाच भिजवलं आणि त्या खुशाल भिजल्या. रात्रीचं जेवण त्याने ठरवायचं. एरवी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकुमाची पालेभाजी; त्याने चपाती आणि बीन्स सांगितले. इथली चपाती मैद्याची, तेल लावून पदर काढलेली, करायला वेळ खाणारी, म्हणून सणासुदीची. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो प्रत्येकाला ऐकवत होता की आजच्या चपात्या माझ्यामुळे आहेत. मला हे फार आवडलं. पण म्हणून सासूबाईंचे समोसे चुकीचे ठरत नाहीत.

खरं तर इथल्या सरकारला ही बालगृहंच नको आहेत. २०१७ पासून नव्यांची नोंदणी बंद आहे, २०२२ मध्ये नवा बालक कायदा आला, आणि २०३२ पर्यंतचं धोरण असं की मुलांना नातेवाइकांकडे किंवा मूल सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांकडे न्यायचं. आमच्याकडच्या बहुतेकांना आजी, मावशी, काका कुणीतरी आहेच. गरिबीमुळे इथे आलेली ही मुलं, ऑगस्टच्या सुट्टीत त्यांच्याकडे जातात. विचार चांगला आहे, पण तो काही यांनीच शोधून काढला असं नाही. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचाच पर्याय धरलाय, आणि नातेवाइकाने मूल सांभाळलं तर मदत देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात कितीतरी वर्षांपासून आहे. फोटोंचंही तेच. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड केली तर आपल्याकडे सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम ७४ सांगतं. तरी वाढदिवसांचे फोटो आपल्या ग्रुपवर येतातच. कायदा करण्यात आपण मागे नाही, एवढं मी मॅनेजरबाईंना ठासून सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

एक मात्र विचारलं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं, त्यांची लग्नं लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या मुलांना तुमच्या धोरणाने कुणाकडे पाठवायचं? बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘ते घरच झालं ना, टीचर.’ मला अपेक्षित होतं त्यापेक्षा बरं उत्तर दिलं त्यांनी.

‘अशा स्वयंसेवकांमुळे मुलांचं नुकसानच होतं,’ असा एक लेख मला घरच्याच कुणीतरी पाठवलाय. वाचला. मी स्वतःच्या पेन्शनवर आलेय, कुणाची नोकरी खाल्लेली नाही, मागच्या बाकावर बसते आणि वह्या तपासते. वर्गशिक्षकाला तेवढाच वेळ मोकळा मिळतो. ज्यांना यातही नुकसान दिसतं त्यांनी खुशाल दिसू द्यावं.

राहता राहिला माझा भाचा. पुढच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस, म्हणून मुलांना जेवण द्यायला पाच हजार पाठवतो म्हणाला. मी नियम सांगितले. पैसे खात्यात, पावती मिळेल, नाव पुकारलं जाणार नाही, फोटो नाही. पलीकडून प्रश्न आला, ‘मावशी, फोटो नाही त मंग मजा काय आली वं?’

त्याच्याशी वाद घालत बसले नाही. वर्गाला लाकडी सिलिंग बसवलं तर पावसाचा आवाज कमी होईल, असं वर्गशिक्षक म्हणतो. सुताराला कोटेशन द्यायला सांगितलंय, आलं की भाच्याला पाठवते. पाच हजारांत होणार नाही, पण त्याला दोन भाऊ आहेत. आणि सिलिंगचा फोटो काढायला इथे बंदी नाही, मी विचारून घेतलंय.