हाताचं कोणतं टोक?

मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन दुरुस्त करतो. टूल चेंजरवाले (मशीनमधला टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे) कॉल मला आवडतात, पण टूल हवेत उडून राहिलाय असा फोन आला की पोटात गोळा येतो. मे महिन्यातली गोष्ट आहे, नागपूरचा मे, म्हणजे सकाळी नऊलाच डोक्याला दुपट्टा बांधून निघावं लागते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमधून (दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या कारखान्यातून) फोन, कास्ट आयर्नचे ट्रॅक्टरचे हाउसिंग बनवतात ते लोक. सुपरवायझर म्हणे, "सर, लवकर येऊन जा ना, बोरिंग बार आर्ममधून सुटून राहिला, काल तर पोराच्या पायाजवळ पडला." बोरिंग बार म्हणजे भोक मोठं करायचा लांब टूल, आणि आर्म म्हणजे टूल बदलणारा मशीनचा हात. मी बाकी सगळे कॉल पुढं ढकलले.

पोचलो तर मशीन बंद, दाराच्या आतल्या पत्र्यावर हा मोठा पोचा. बीटी ४० स्पिंडलची व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मशीन; स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा, बीटी ४० हे त्याचं माप), २४ टूलचं मॅगझिन म्हणजे टूल ठेवायचा साठा, ट्विन आर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, या टाइपमध्ये मॅगझिनमधला पुढचा टूल आधीच तयार होऊन त्याचा पॉट (टूल ठेवायचा कप) नव्वद अंशात खाली येतो, मग दोन टोकांचा हात फिरतो, एक टोक पॉटमधला टूल पकडते, दुसरं स्पिंडलमधला, स्पिंडलमध्ये टूल ओढून धरणारा ड्रॉबार सुटतो, हात खाली येतो, १८० अंश फिरतो, वर जातो, टूल बसतात, हात परत आपल्या जागी. दोनतीन सेकंदांचा खेळ. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत मिलवॉकीच्या कार्नी अँड ट्रेकरनं १९५८ साली मिलवॉकी-मॅटिक नावाची मशीन आणली तेव्हापासून टूल बदलायचं काम मशीनच करते. पण त्या दोनतीन सेकंदांत सातआठ किलोचं लोखंड वेगानं गोल फिरत असते, आणि ते धरून ठेवायला असतात फक्त दोन बोटं. लोकांना हे लक्षातच राहत नाही.

पहिला राग मला आला तो टूल चेंजरवर नाही, दारावर. दाराच्या इंटरलॉकला (दार उघडलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचला) जम्पर, म्हणजे त्याला फसवायची तार, मारला होता. टूल उडाला तेव्हा दार अर्धं उघडं होतं आणि हेल्पर पोरगा चिप्स (कापलेल्या लोखंडाचा कचरा) ओढत उभा होता, म्हणून बार बाहेर आला. पोरगा असेल वीसेक वर्षांचा, समोरच उभा होता, हसत होता, "काही नाही झालं सर." मी मालकाला सांगितलं की आधी हा जम्पर निघंल, मगच मी आर्मला हात लावीन. ते म्हणाले प्रॉडक्शन स्लो होते. मी म्हटलं होऊ द्या. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि माझ्यासमोर काढायला लावला, ते बरं केलं त्यांनी.

आता आधी काय काय झालं होतं ते ऐका. माझ्याआधी दुसरा कोणी टेक्निशियन येऊन गेला होता, त्यानं स्पिंडल ओरिएंटेशन (टूल बदलताना स्पिंडल कोणत्या कोनात थांबतो ते) हललंय म्हणून मशीनच्या सेटिंगमधल्या पॅरामीटर ४०७७ मध्ये आकडे बदलले, तरी टूल पडला, मग म्हणे कॅम बॉक्स (हात फिरवणारा, वरखाली करणारा डबा) गेला, अख्खा बदला, आणि खर्चाचा आकडा असा सांगितला की मालक रात्रभर झोपले नव्हते. ओरिएंटेशन चुकलं तर काय होते, होल्डरच्या (टूल ज्यात बसवतात त्याच्या) खाचेत आर्मची की, म्हणजे छोटा खुंट, बसत नाही, घासते, आवाज येते, खाचेच्या कडेला चमक पडते. मी होल्डर हातात घेऊन पाहिले, कडा एकदम साफ. सुपरवायझरनं जुना आकडा वहीत लिहून ठेवला होता (असे सुपरवायझर असले की अर्धं काम होते), तोच परत टाकला, एम १९ (स्पिंडल त्या ठरलेल्या कोनात थांबवायचा कोड) देऊन की आणि खाच जुळतात ते पाहिलं, बरोबर. कॅम बॉक्सचंही तसंच, कॅम झिजला असता तर हात थांबतो तिथं हलला असता, झटका बसला असता, आणि सगळ्याच टूलना त्रास झाला असता. इथं सगळ्यांपैकी फक्त एक टूल पडत होता.

कंट्रोलवर पीएमसीच्या (सेन्सर आणि स्विच सांभाळणाऱ्या भागाच्या) स्क्रीनवर सगळे सिग्नल पाहिले. पॉट खाली आला, ओके. आर्म होम, ओके. पकडायच्या कोनात आला, ओके. क्लॅम्प, अनक्लॅम्प, ओके. हवेचं प्रेशर सहा बारच्या आसपास. म्हणजे मशीनच्या मते काहीच बिघडलेलं नाही. इथंच बहुतेक लोक अडकतात, कारण सगळं हिरवं दिसून राहिलं म्हणजे मोठंच काहीतरी आतमध्ये मोडलं असंल असं वाटते. पण विचार असा करायला पाहिजे की या स्क्रीनला काय काय दिसतच नाही. आर्मचं बोट लॉक झालं की नाही हे सांगणारा सेन्सर त्या मशीनवर नाहीच.

मी पहिले ऑपरेटरला घेऊन बसलो. चहा आला, बाहेर ऊन असं की पत्र्याचं शेड कडकड वाजत होतं. त्याला म्हटलं, मशीनचं राहू दे, तू काय पाहिलं ते सांग. तो म्हणाला, "सर, बारच पडते, दुसरा कोणताच नाही. आन् कधी पडंल सांगता येत नाही. पण लागोपाठ दोन जॉबले नाही पडत. एक जॉब तरी नीट जातेच." मी विचारलं पक्कं? तो म्हणे, "पक्कं. मले तं वाटते त्याची एक जॉब आड पाळी हाय." आजूबाजूचे हसले, मी नाही हसलो, कारण एक आड एक म्हटल्यावर माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. मग विचारलं हे सुरू कधीपासून झालं. तर म्हणे या आठवड्यापासून, नवीन प्रोग्राम चढल्यावर. नवीन म्हणजे काय, तर कस्टमरनं बोअरच्या (मोठ्या भोकाच्या) काठावर बर, म्हणजे धारदार कड, राहते म्हणून तक्रार केली, म्हणून काठ तिरका कापणारा एक चॅम्फर टूल वाढवला. आधी आठ टूल होते, आता नऊ.

आठाचे नऊ. मी त्याच्याच वहीवर पेननं काढून दाखवलं. हात दर वेळी १८० अंश फिरतो आणि परत तिथंच थांबतो, म्हणजे एका टूल चेंजनंतर त्याची टोकं अदलाबदल झालेली असतात. जे टोक पॉटकडं होतं ते आता स्पिंडलकडं. म्हणून बारला पॉटमधून काढून स्पिंडलमध्ये नेणारं टोक आणि काम झाल्यावर स्पिंडलमधून परत नेणारं टोक एकच असते. आता एका जॉबमध्ये, म्हणजे एक पार्ट बनवताना, आठ टूल चेंज असतील तर आठ वेळा उलटून हात पुन्हा जसाच्या तसा, पुढच्या जॉबलाही बार त्याच टोकाला येणार, त्याच्या पुढच्यालाही, वर्षभर चालवा. नऊ केले की हात एकानं उलटा राहतो, बार एका जॉबला या टोकाला, दुसऱ्या जॉबला त्या टोकाला. एक आड एक! म्हणजे दोन टोकांपैकी एक टोक खराब आहे, कोण जाणे कधीपासून खराब आहे, पण आठ टूलच्या प्रोग्राममध्ये तिकडं फक्त ड्रिल, टॅप असे हलके टूल जात होते, ते बोटाच्या नुसत्या पकडीवरही राहतात. जड बारचा नंबर तिकडं लागतच नव्हता.

ऑपरेटर वहीकडं पाहतच राहिला. मग सेटरला आठवलं की दोन महिन्यांपूर्वी एकदा बार असाच पडला होता, तेव्हा त्यानं एमडीआयमध्ये (प्रोग्रामबाहेर, हातानं कमांड देऊन) एक टूल चेंज करून मग प्रोग्राम चालू केला होता, सगळ्यांना वाटलं याच्याच हातून काही झालं, त्याला बोलणी पण बसली. सरळ आहे ना, एक चेंज जास्त झाला, सगळी पाळी उलटली, बार वाईट टोकाला गेला. पडल्यावर त्यांनी मॅगझिन वगैरे हातानं नीट केलं त्यात पाळी परत सुलटली असणार. मी मालकासमोर हे मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, त्या माणसाची काही चूक नव्हती हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

आता हे सगळं कागदावर, खरं आहे का ते मशीनवर पाहायचं. पिवळा पेंट मार्कर घेऊन हाताच्या एका टोकावर ठिपका, दुसऱ्यावर दोन ठिपके. टेबलावर लाकडी फळ्या आणि वर पोत्याची जाड घडी. मेन स्विच बंद करून कुलूप, आर्मच्या मोटरचा ब्रेक सोडला आणि मागून स्पॅनर लावून हात हळूहळू फिरवत खाली आणला. दोन्ही टोकांना हलके ड्रिलचे होल्डर. हात खाली आला की बोटामागची लॉक पिन स्प्रिंगनं बाहेर यायला पाहिजे, ती आली की बोट मागं सरकत नाही, होल्डर कितीही ओढा निघत नाही. हात वर असताना ती पिन वरच्या प्लेटला टेकून दाबली जाते, तेव्हाच बोट मोकळं होते, म्हणजे दाराच्या कडीसारखंच काम. एका ठिपक्याचं टोक, ओढलं, जाम. दोन ठिपक्यांचं टोक, ओढलं आणि होल्डर सरळ माझ्या हातात आला. काही जोर नाही, काही नाही. शॉपमध्ये एकदम शांतता झाली आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

टोक खोललं. आत पिनच्या भोवती काळाकुट्ट घट्ट थर, कास्ट आयर्नची भुकटी आणि कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण) मिळून झालेला. पिन दाबलेल्या जागीच बसून राहिली होती, स्प्रिंगला तिला ढकलायची ताकद नाही. कास्ट आयर्नची चिप लांब निघत नाही, पीठच निघते, आणि ते जिथं फट मिळंल तिथं जाते. त्यात आमच्याकडचा उन्हाळा, टँकमधलं पाणी उडते, तेल तेवढंच राहते, लोक लेव्हल कमी दिसली की परत तेल मिसळूनच टाकतात. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमध्ये तेल किती ते मोजायचं यंत्र) लावून पाहिलं तर कॉन्सन्ट्रेशन पाहिजे त्याच्या दुपटीच्या वर. बोअरवेलचं पाणीही जड. असं कूलंट सुकलं की गोंद होते. उन्हाळ्यात टॉप-अप करताना आधी मोजायचं, नुसतं पाणी किंवा एकदम पातळ मिश्रण टाकायचं, हे मी जिथं जातो तिथं सांगतो आणि सांगत राहीन.

दुसरी गोष्ट बारची. मशीनच्या प्लेटवर एका टूलचं जास्तीत जास्त वजन ८ किलो लिहिलेलं. मी म्हटलं बार मोजा. वजनकाटा फक्त भंगार मोजायचा होता, त्याच्यावर ठेवला, होल्डर, पुल स्टड, सगळ्यासकट ९ किलोच्या वर. आणि नुसतं वजन नाही, बार लांब होता, त्याचा भार पकडीपासून दूर खाली लोंबत होता, हात फिरला की तो बाहेर झेपावणार. चांगलं टोक हे सगळं इतके दिवस मुकाट्यानं सहन करत होतं. मालक म्हणाले, "चालत तर होता ना बावा इतके दिवस." चालत होता, पण फक्त एका पिनच्या भरवशावर.

दोन्ही टोकं पूर्ण खोलून, डिझेलनं धुऊन, पिना पॉलिश करून बसवल्या, दोन ठिपक्यांच्या टोकाची पिन कट्‌कन बाहेर यायला लागली. पण स्प्रिंग पिचलेली होती, जुन्यापेक्षा उंची कमी झालेली. इतवारीत लोहाओळीत मिळंल तशी स्प्रिंग आणतो म्हणे सुपरवायझर, मी नाही म्हटलं. इतर ठिकाणी जुगाड मीही करतो, पण ही स्प्रिंग माणूस आणि नऊ किलोच्या मध्ये उभी आहे, तार कोणती, ताकद किती काही माहीत नसताना नाही. कंपनीकडं दोन्ही टोकांचा सेट मागवला. तोवर बार आर्मनं न्यायचाच नाही, प्रोग्राममध्ये एम ०० टाकून थांबायचं आणि ऑपरेटरनं हातानं स्पिंडलमध्ये लावायचा, काम झालं की हातानंच काढायचा. मालकांची कुरकुर झाली, जॉबमागं वेळ वाढतो म्हणून. ऑपरेटर म्हणाला, "लावतो मी, काही नाही होत," आणि विषय संपला.

कूलंटचा टँक त्याच दुपारी रिकामा करायला घेतला. बारसाठी आखूड आणि हलकी बॉडी बनवून घ्यायचं ठरलं, ती ७ किलोच्या आत बसते असा हिशोब सेटरनंच काढून दाखवला. आणि दर शनिवारी मशीन धुतात तेव्हा हात खाली आणून दोन्ही टोकांचे होल्डर ओढून पाहायचे, हे त्यांच्या चेकलिस्टवर सुपरवायझरनं माझ्यासमोर लिहिलं.

निघायच्या आधी बाजूच्या मशीनकडं बोट दाखवून हेल्पर पोरगा म्हणाला, "सर, ती पण पाहून घ्या ना, तिच्यावर मीच राहतो." तशीच मशीन, तोच जॉब, पण प्रोग्राम आठ टूलचाच, तिथं कधी काही पडलेलं नव्हतं. मेन बंद करून हात खाली आणला, एक टोक घट्ट, दुसरं ओढलं तर बोट अर्धं मागं सरकलं. मी मालकाकडं पाहिलं, ते काही बोलले नाही, खिशातून फोन काढला आणि स्प्रिंगची ऑर्डर दुप्पट केली.