चार ओळींचं काम

आज देवगडच्या एका आंबा बागायतदारांशी वेबसाइटच्या मजकुराबद्दल बोलले. डिझाइनचे आणि फोटोंचे पैसे त्यांनी कुरकूर न करता दिलेत. माझा आकडा ऐकून म्हणाले, "अहो ताई, चार ओळी तर लिहायच्यात. मराठीच आहे, भाचा लिहील."

मन दुखलं. त्या चार ओळींसाठी गेल्या आठवड्यात मी त्यांना दीड तास प्रश्न विचारले होते. आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट का उतरवतात (देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो), पेटीत गवत का घालतात, आंबे पिकवायला अढी कशी लावतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा जुन्या साइटवर उल्लेखही नाही. तिथे आहे, "उत्तम दर्जा, वाजवी दर". त्यात त्यांची बाग कुठे आहे?

फोटो डोळ्यांना दिसतो. मजकूर जमला की सहज वाटतो, आणि मागचे प्रश्न, खोडलेले खर्डे कुणाला दिसत नाहीत. शिवाय रोज व्हॉट्सअॅपवर सगळेच लिहितात.

दर कमी केला नाही. झेल्याचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मी सांगितलं होतं?"

उद्या फोन करतो म्हणालेत.